‘डेस्टिनेशन मून’चा खलनायक: ११० पौंड

१९५० सालचा ‘डेस्टिनेशन मून’ हा चांद्रसफरीचा चित्रपट कंटाळवाणा आहे, ही तक्रार साय-फायवाल्या मंडळींत कायमची. परग्रहवासी नाहीत, राक्षस नाही, प्रेमप्रकरण नाही. मान्य. तरीही त्या दशकातल्या उडत्या तबकड्यांच्या डझनभर चित्रपटांवरून मी हा एक ओवाळून टाकणार नाही, कारण यातलं सगळं नाट्य वजनाच्या हिशेबातून उभं राहतं.

निर्माता जॉर्ज पाल, दिग्दर्शक आयर्विंग पिशेल. पटकथेत आणि तांत्रिक सल्लागार म्हणून विज्ञानकथालेखक रॉबर्ट हाइनलाइन. त्यामुळे पेच कसा पडतो बघा. चंद्रावर उतरताना सपाट जागा शोधण्यात वेळ जातो आणि ठरल्यापेक्षा जास्त इंधनद्रव्य खर्च होतं. चंद्राचं गुरुत्व सेकंदाला सेकंदाला १.६२ मीटर. म्हणजे यान नुसतं अधांतरी धरून ठेवायचं तरी दर सेकंदाला १.६२ मीटर/सेकंद एवढी वेगाची पुंजी जळते. मिनिटभर रेंगाळलात की जवळपास १०० गेले. १९६९ मध्ये आर्मस्ट्राँगही दगडधोंड्यांचा भाग टाळून पुढे सरकला, तेव्हा खाली ह्यूस्टनमध्ये सगळ्यांचं लक्ष इंधनाच्या उलटमोजणीकडे होतं, ते याच कारणाने.

आता परतायचं तर टाकीतलं द्रव्य वाढवता येत नाही. लागणारा वेग ठरलेला, नळीतून बाहेर पडणाऱ्या झोताचा वेगही ठरलेला. उरतं काय? यानाचं कोरडं वजन, म्हणजे टाकीतलं द्रव्य सोडून बाकीचं. मग उपकरणं, फर्निचर, लोखंडी सामान, जे उखडता येईल ते उखडून बाहेर. एवढं करूनही ११० पौंड जास्तच भरतात, म्हणजे साधारण ५० किलो. चौघांपैकी एकाने मागे राहायचं का, हा प्रश्न इथे उभा राहतो, आणि तो कुणाच्या दुष्टपणातून आलेला नाही.

चुका आहेत, आणि त्यातली मोठी चूक इंजिनातच आहे. यान एकाच टप्प्याचं, अणुशक्तीवर चालणारं. अणुभट्टीने पाणी तापवून त्याची वाफ मागे फेकायची. दिसायला सोपं: पाणी साठवायला त्रास नाही, जागाही कमी खातं. पण त्याच तापमानाला हलके रेणू जास्त वेगाने सुटतात. हायड्रोजनचा रेणुभार २, पाण्याचा १८, म्हणजे ९ पट; वेगातला फरक या पटीच्या वर्गमुळाएवढा, आणि ९ चं वर्गमूळ ३, म्हणून ढोबळमानाने हायड्रोजनचा झोत तिप्पट वेगवान. पृथ्वीवरून चंद्रावर उतरून परत यायचं (पृथ्वीवर येताना वातावरणाने ब्रेक लावला असं धरून) तर वेगाची एकूण पुंजी १८ किमी/सेकंदाच्या आसपास लागते. वाफेचा झोत उदारपणे ४ किमी/सेकंद धरला तर उड्डाणाचं वजन कोरड्या वजनाच्या ९० पट होतं. असं यान कुणी बांधू शकत नाही. हायड्रोजनचा झोत ८ किमी/सेकंद धरला तर हीच पट साडेनऊवर येते. मात्र तो उणे २५३ अंशांवर द्रवरूप ठेवायचा आणि टाक्या अवाढव्य करायच्या, हे दुखणं मागे लागतंच.

सेटवरची चूक वेगळ्या जातीची. अवकाशचित्रकार चेस्ली बोनस्टेलने रंगवलेली पार्श्वभूमी अजूनही डोळे दिपवते, पण चंद्राच्या जमिनीला चिखल सुकल्यासारख्या भेगा पाडल्या, त्या त्याला पसंत नव्हत्या. अशा भेगा पडायला आधी पाणी लागतं. कलादिग्दर्शकाची अडचण निराळी होती: स्टुडिओ लहान. दूर जाताना भेगा बारीक करत नेल्या की जागा खोल भासते. त्याच हेतूने लांबच्या आकृत्यांसाठी ठेंगणी माणसं अंतराळवेशात उभी केली. अणकुचीदार डोंगर तेव्हा सगळेच काढत. अपोलोने दाखवले ते गोलसर, अब्जावधी वर्षांच्या उल्कामाऱ्याने झिजलेले. आकाशात भरदिवसा तारे दिसतात, तेही कॅमेऱ्याला जमणार नाही. उन्हातल्या जमिनीसाठी एक्स्पोजर इतकं कमी ठेवावं लागतं की तारे उमटतच नाहीत.

यानाबाहेरचा प्रसंग मात्र चोख आहे. चुंबकी बूट सुटून एकजण दूर तरंगत जातो, दुसरा ऑक्सिजनच्या सिलिंडरची तोटी उघडून त्या धक्क्यावर त्याला गाठतो. (हे तत्त्व प्रेक्षकांना आधीच समजावलेलं असतं, वुडी वुडपेकरच्या कार्टूनमधून, बंदुकीच्या धक्क्याने!) फक्त झोताची रेषा शरीराच्या गुरुत्वमध्यातून गेली पाहिजे, नाहीतर माणूस पुढे कमी सरकतो आणि गरगर जास्त फिरतो. १९६५ मध्ये जेमिनी ४ यानाच्या बाहेर एड व्हाइटने हातातली वायूची पिस्तूल वापरली, तीही ऑक्सिजनवरच चालणारी. काही मिनिटांत वायू संपला.

आणि त्या ११० पौंडांचा तोडगा. रेडिओ काढून टाकायचा. शेवटचा अंतराळवेशही टाकायचा, पण तो घातल्याशिवाय बाहेर जाऊन टाकणार कोण? म्हणून एअरलॉकला (बाहेर जाण्याच्या दोन दारांमधली हवाबंद खोली) भोक पाडून दोरी ओवतात. बाहेरच्या टोकाला जड सिलिंडर लोंबकळत ठेवायचा, आतलं टोक अंतराळवेशाला बांधायचं. भोक बुजवून एअरलॉकमध्ये हवा भरायची, वेश उतरवायचा, आत येऊन आतलं दार लावायचं आणि मग बाहेरचं दार उघडायचं. सिलिंडर वेशाला ओढत खाली नेतो. तिथे वजन सहावा हिस्साच भरतं, म्हणून सिलिंडर भरपूर जड हवा.