पांढरा बोगदा तुमच्या आईंना दिसला नाही, ही चूक आमची

नमस्कार,

जपानमधल्या आशिकागा फ्लॉवर पार्कच्या आमच्या सहलीला तुम्ही दोन तारे दिलेत आणि कारणंही सविस्तर लिहिलीत. जाहिरातीतले पांढऱ्या-पिवळ्या फुलांचे बोगदे दिसलेच नाहीत, तिकिटाचा फरक गेटवर मागितला, रोषणाई सुरू व्हायच्या आत परत आणलं, बसऐवजी रेल्वेने नेलं आणि आमची गाइड तुमच्या मुलीवर ओरडली. त्या दिवशी मी सोबत नव्हते. गाइडशी बोलून आणि तिने काढलेले फोटो बघून हे लिहिते आहे.

फोटोंबद्दल तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. विस्टेरिया, म्हणजे लोंबत्या घोसांची फुलवेल, जपानीत फुजी (फुजी डोंगर तो वेगळा), आशिकागात एकाच वेळी सगळी फुलत नाही. एप्रिलच्या मध्याला फिकट गुलाबी, मग जांभळी, मेच्या सुरुवातीला पांढरी आणि सगळ्यात शेवटी पिवळी, असा महिनाभर बहर पुढे सरकत राहतो. पिवळी तर मुळात फुजी नव्हेच, तो लॅबर्नम. आपल्या बहाव्यासारखाच दिसतो, आपली माणसं तिथे हटकून बहाव्याची आठवण काढतात. तुम्ही गेलात २४ एप्रिलला. जांभळी ऐन भरात होती. पांढऱ्या बोगद्यात घोसांची फक्त देठाजवळची फुलं उमलली होती, कारण घोस वरून खाली फुलत येतो. पिवळ्या बोगद्यात नुसता पाला होता.

आणि आम्ही चारही रंगांचे फोटो शेजारी शेजारी लावले होते, एकाखालीही तारीख नाही. ते बघून कुणालाही वाटेल की एका दिवसात सगळं दिसणार. पांढरा बोगदा बघायचा म्हणून तुमच्या आई पुण्याहून आल्या होत्या, हे वाचून मला फार वाईट वाटलं. आता प्रत्येक फोटोखाली तो काढल्याची तारीख घातली आहे आणि कुठला रंग बघायचा आहे, हे बुकिंगच्या वेळीच विचारतो.

त्या बागेचं तिकीट बहरानुसार बदलतं, फुलं भरात असली की महाग. हे आम्हाला पक्कं माहीत होतं, तरी तुम्हाला कमी दर सांगितला. गेटवर पाच जणांचा फरक मागणं चुकलंच. ते पैसे तुम्हाला परत पाठवत आहोत. रोषणाईचंही तेच. संध्याकाळी दिवे लागलेला फुजीचा मांडव बघायला माणसं मुद्दाम थांबतात आणि आम्ही तुम्हाला पाचलाच बाहेर काढलं. यापुढे ही सहल तोक्योहून दुपारी निघेल आणि रात्री परतेल.

रेल्वेबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. २०१८ पासून बागेच्या नावाचंच स्टेशन आहे, तिथून फाटक दोन-तीन मिनिटांवर. बहराच्या दिवसांत बागेकडच्या रस्त्यावर गाड्या रखडतात, बसने गेला असतात तर बागेतला वेळ त्यातच गेला असता. ओयामा स्टेशनवर गाडी बदलताना लिफ्ट कुठे आहे ते आईंना दाखवायला हवं होतं, एवढं मान्य.

राहिली मुलीची गोष्ट. गाइडने आवाज चढवायला नको होता, तिलाही ते पटलं आहे. पण घोस ओढू नको असं सांगणं तिचं कामच होतं. तुम्ही लिहिलंत, "शेवटी वेलच तर आहे." मुलगी जिचा घोस ओढत होती ती जांभळी वेल दीडशे वर्षांहून जुनी आहे. १९९६ साली ती सुमारे २० किलोमीटरवरून इथे आणली. एवढी मोठी फुजी हलवली तर जगणार नाही, असं जाणकार सांगत होते. कोनामी त्सुकामोतो या वृक्षवैद्य बाईंनी ते काम अंगावर घेतलं. दोन वर्षं तयारी चालली. बुंधा उचलताना सालीला इजा होऊ नये म्हणून मोडलेल्या हाडाला घालतात तसं प्लास्टर त्याला घातलं. नेण्यासाठी फांद्या छाटाव्या लागल्या होत्या, आज त्याच वेलीचा मांडव हजार चौरस मीटरवर पसरला आहे. घोस इतके खाली लोंबतात की लहान मुलाचाही हात पोचतो. दिवसभरात तिथून हजारो माणसं जातात, प्रत्येकाने एकेक घोस ओढला तर संध्याकाळी काय उरेल? ही गोष्ट गाइडने मुलीला आधीच सांगितली असती, तर ओरडायची वेळच आली नसती. आता गाइड ती गोष्ट गाडीतच सगळ्या मुलांना सांगतात.

तुमच्या आई अजून तोक्योत असतील तर ७ मेच्या सहलीत त्यांच्यासाठी आणि सोबतच्या एका व्यक्तीसाठी जागा धरून ठेवली आहे. पैसे घेणार नाही. तोवर गोल्डन वीकच्या, म्हणजे एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या, सुट्ट्यांची गर्दीही ओसरलेली असेल. पांढरी त्या दिवशी किती टिकली आहे, हे आदल्या दिवशी बागेकडून विचारून तुम्हाला फोनवर कळवेन. बहर ओसरला असेल तर तसं स्पष्ट सांगेन, मग यायचं की नाही ते आईंनी ठरवावं.