व्हँगेलिस यांचे नोटेशनवाचून काही अडले नाही

स्वतःच्या बळावर शिकलेल्या संगीतकाराचे कौतुक करताना आपण त्याच्यात काहीतरी उणीव होती, असे मनोमन धरून चालतो. ग्रीक संगीतकार व्हँगेलिस यांच्याविषयी असे कोणी बोलले की मला ते मुळीच पटत नाही.

1943 मध्ये ग्रीसमधील व्होलोस शहराजवळच्या आग्रिया येथे जन्मलेल्या या माणसाची बोटे वयाच्या चौथ्या वर्षीच पियानोवर फिरू लागली. रीतसर धडे मात्र त्यांनी टाळले आणि नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, वाचायला ते कधीच शिकले नाहीत. 1967 मध्ये ग्रीसमध्ये लष्कराने सत्ता बळकावली, पुढच्या वर्षी ते पॅरिसला गेले आणि तेथे रॉक बँडमधून त्यांचे नाव झाले. माझ्या मते त्यांचे खरे काम सुरू झाले ते 1975 नंतर, लंडनमध्ये स्वतःचा 'नेमो' स्टुडिओ उभारल्यावर.

तेथे सभोवती मांडलेल्या कीबोर्डांमध्ये बसून, चित्रपटाला संगीत देताना पडद्यावरचे दृश्य पाहत ते वाजवत आणि जे वाजेल ते थेट टेपवर उतरे. रचना आणि वादन या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. यामाहाचा सीएस-80 हा सुमारे 100 किलो वजनाचा अवाढव्य सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर निर्माण करणारे कीबोर्ड-वाद्य, त्यांच्या हाताला असा काही बसला होता, की ते यंत्र वाटू नये. त्याची पट्टी दाबल्यानंतर बोटाचा भार आणखी वाढवला की तेवढाच सूर फुलतो, बाकीचे सूर आहेत तसेच राहतात. 'ब्लेड रनर' या चित्रपटाच्या आरंभीचे ते दीर्घ, तुतारीसारखे स्वर लक्ष देऊन ऐकावेत; असे चढ-उतार कागदावर लिहून कितीसे सांगता येणार?

'चॅरियट्स ऑफ फायर' या चित्रपटाची कथा 1924 च्या ऑलिंपिकमधील धावपटूंची, तरीही तिला सिंथेसायझरचे संगीत देण्याचे धाडस झाले. त्याला ऑस्कर मिळाले आणि 1982 मध्ये त्याची मुख्य धून, एकही शब्द नसताना, अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

वाद्यवृंदासाठी त्यांचे संगीत इतरांना लिहून काढावे लागले, हा आक्षेप खरा आहे. पण 2001 मध्ये अथेन्सच्या ऑलिंपियन झ्यूस मंदिरात त्यांची 'मिथोडिया' ही रचना सादर झाली, तेव्हा वाद्यवृंद आणि गायकवृंद यांच्यासोबत ते स्वतः कीबोर्डवर बसले होते. ज्यांनी त्यांची केवळ ती धावण्याची धून ऐकली आहे, त्यांनी त्यांचा 1983 चा 'अंटार्क्टिका' हा अल्बम आवर्जून ऐकावा आणि मगच त्यांच्या शिक्षणाविषयी मत बनवावे.