पेराल्टा गेला म्हणून मिलवॉकीने हात टेकले असं मला का वाटत नाही

ताई, तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती म्हणून उत्तरही सविस्तर देतोय. कमेंटच्या चौकटीत मावेना, तेव्हा वेगळी पोस्टच करतोय.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिलवॉकी ब्रुअर्स या अमेरिकन बेसबॉल संघाने जानेवारी 2026 मध्ये आपला पिचर (चेंडू टाकणारा) फ्रेडी पेराल्टा न्यूयॉर्क मेट्सकडे पाठवला, आणि मी त्या ट्रेडला (खेळाडूंच्या अदलाबदलीला) 'योग्य निर्णय' म्हटलं. विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या आणि घरच्यांना घेऊन नियमित मॅचला जाणाऱ्या या वाचक ताईंना ते अजिबात पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं: 97 सामने जिंकणाऱ्या संघाने आपला सर्वांत चांगला पिचर विकणं हा प्रेक्षकांचा अपमान आहे. त्यांच्या मते मी खेळाकडे हिशेबनिसाच्या नजरेने बघतो. शिवाय लॉस एंजेलिसच्या श्रीमंत डॉजर्सनी काइल टकर हा बडा बॅटर घेतल्यावर या सीझनमध्ये बघण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि आयपीएलसारखी सगळ्यांना सारखी पर्स दिल्याशिवाय हे थांबणार नाही.

यातला पर्सचा मुद्दा वजनदार आहे, त्याकडे येतोच. पण आधी पेराल्टा.

तो मिलवॉकीत आला कसा, ते आठवा. डिसेंबर 2015. ब्रुअर्सकडे अ‍ॅडम लिंड नावाचा अनुभवी फर्स्ट बेसमन होता, चांगला बॅटर, पण करारात एकच वर्ष उरलेलं. डेव्हिड स्टर्न्स नुकतेच जनरल मॅनेजर झाले होते. त्यांनी लिंडला सिअ‍ॅटलला देऊन तीन कोवळे पिचर घेतले. मायनर लीगच्या (मेजर लीग या मुख्य स्पर्धेखालच्या लीगच्या) अगदी तळाला खेळणाऱ्या या मुलांची नावं तेव्हा मिलवॉकीत कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. त्यातले दोघे मेजर लीगपर्यंत पोहोचलेच नाहीत. तिसरा 19 वर्षांचा फ्रेडी पेराल्टा. लिंड सिअ‍ॅटलकडून एक सीझन खेळला आणि फ्री एजंट (करार संपून कुणाशीही सौदा करायला मोकळा) झाला.

मे 2018 मध्ये कोलोरॅडोत पेराल्टाचं पदार्पण झालं. नऊपैकी सहा इनिंगही (डाव) पुरी न टाकता 13 बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), हिट (बॅटरला बेसवर नेणारा फटका) फक्त एक. त्या दिवशी मदर्स डे होता आणि त्याचे आईवडील स्टँडमध्ये बसलेले होते. त्या मैदानावर हवा विरळ असल्याने चेंडू लांब जातो, भल्याभल्या पिचरांना तिथे घाम फुटतो, आणि हा पोरगा एकापाठोपाठ एक फास्टबॉल टाकत सुटला होता. तुम्ही त्याच्याबद्दल जे लिहिलंय ते मला मनापासून समजतं. मीही त्याचा चाहता आहे, आणि तो मेट्सच्या टोपीत दिसेल तेव्हा मलाही वाईट वाटणार आहे.

पण तो तुमच्या गावाला मिळाला तो नेमका अशाच एका ट्रेडमधून. करारात वर्ष उरलेला नावाजलेला खेळाडू द्यायचा आणि ज्यांच्यावर संघाचा बरीच वर्षं हक्क राहील असे तरुण घ्यायचे. 2026 संपलं की पेराल्टा फ्री एजंट होणार. गेल्या वर्षी 17 विजय, 2.70 ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं), 200 च्या वर स्ट्राइकआउट्स. हा पिचर बाजारात उतरला की मिलवॉकीला तो परवडणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. तो तसाच निघून गेला असता तर ब्रुअर्सच्या पदरात ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांतली) एक निवड पडली असती. आता ब्रँडन स्प्रोट आणि जेट विल्यम्स आले, आणि पेराल्टाबरोबर टोबायस मायर्स हा पिचरही गेला. सप्टेंबरमध्ये मेट्ससाठी पदार्पण केलेला स्प्रोट लगेच पिचिंग करू शकेल. विल्यम्स हा मेट्सने 2022 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत घेतलेला, चणीने लहान पण वेगवान खेळाडू. दोघांवरही पूर्ण सहा वर्षांच्या आसपास ब्रुअर्सचा हक्क राहील.

हा 'हक्क' म्हणजे काय, ते आयपीएलच्या सवयीने वाचणाऱ्यांसाठी सांगायला हवं. मेजर लीगमध्ये आलेला खेळाडू सहा वर्षांची सेवा पुरी होईपर्यंत त्याच संघाचा असतो. पहिली साधारण तीन वर्षं त्याला किमान पगाराच्या जवळपास मिळतं. 2026 मध्ये हा किमान पगार 7,80,000 डॉलर आहे. पुढची तीन वर्षं पगार लवादाकडे ठरू शकतो, आणि सहा वर्षं झाली की तो मोकळा. म्हणजे बाजारातल्या किमती फक्त या मोकळ्या झालेल्यांच्या असतात. लहान गावाचा संघ उभा राहतो तो पहिल्या सहा वर्षांतल्या खेळाडूंवर. आयपीएलमध्ये तीन वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि जवळपास सगळेच टेबलावर येतात. इथे तसं नसल्यामुळेच कोणाला कधी द्यायचं हे मिलवॉकीला कळावंच लागतं.

'कंजूषपणा' हा शब्द तुम्ही दोनदा वापरलाय. पेराल्टाचा या वर्षीचा पगार 80 लाख डॉलर आहे. इतक्या दर्जाच्या पिचरसाठी हा आकडा फार कमी आहे, आणि तो तसा आहे कारण 2020 मध्ये, फारसं नाव नसताना, त्याने पाच वर्षांचा 1 कोटी 55 लाखांचा करार केला आणि पुढच्या दोन वर्षांचे पर्याय संघाकडे ठेवले. याच हिवाळ्यात याच संघाने ब्रँडन वुड्रफला एका वर्षासाठी 2 कोटी 20 लाखांची क्वालिफाइंग ऑफर (मोकळ्या होणाऱ्या खेळाडूला लीगने ठरवलेल्या रकमेत आणखी एक वर्ष थांबायचा प्रस्ताव) दिली आणि त्याने ती घेतली. वुड्रफ खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेल्या जुलैत परतला, 12 सामने खेळला आणि प्लेऑफच्या आधी पुन्हा जखमी झाला. अशा पिचरवर पेराल्टाच्या पावणेतीनपट खर्च करणारा संघ 80 लाख वाचवायला पेराल्टाला विकतोय, हे गणित जुळत नाही. ब्रुअर्सना पैसे वाचवायचे नव्हते, त्यांना वर्षं विकत घ्यायची होती.

विल्यम कॉन्ट्रेरास तुमचा आवडता, असं तुम्हीच लिहिलंय. तो कुठून आला? 2022 च्या ऑगस्टमध्ये, संघ डिव्हिजनमध्ये (लीगमधल्या आपल्या पाच संघांच्या गटात) पुढे असताना, जॉश हेडर हा पिचर सॅन डिएगोला दिला तेव्हा मिलवॉकीत केवढा संताप झाला होता. त्यात आलेल्यांपैकी एस्तेउरी रुइझ हा मुलगा चार महिन्यांनी तीन संघांच्या ट्रेडमध्ये ओकलंडला गेला आणि त्या बदल्यात अटलांटाकडून कॉन्ट्रेरास आला. 2024 मध्ये कॉर्बिन बर्न्स हा पिचर बाल्टिमोरला गेला, तेव्हाही हेच शब्द ऐकू आले होते. त्यानंतरच्या दोन्ही सीझनमध्ये ब्रुअर्सनी डिव्हिजन जिंकली आणि त्यांचे मुख्य प्रशिक्षक पॅट मर्फी दोन्ही वेळा मॅनेजर ऑफ द इयर ठरले. गेल्या आठ वर्षांत सात वेळा प्लेऑफ, तेही मेजर लीगमधल्या सगळ्यात लहान बाजारपेठेतून.

तुम्ही म्हणाल, प्लेऑफ ठीक आहे, पण वर्ल्ड सिरीज (विजेता ठरवणारी अंतिम मालिका) कुठे? इथे तुमचा राग मला पूर्ण पटतो. 1982 नंतर ब्रुअर्स वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचलेले नाहीत आणि जिंकलेले तर कधीच नाहीत. म्हणूनच गेल्या ऑक्टोबरमध्ये काय घडलं ते नीट बघूया. रेग्युलर सीझनमध्ये डॉजर्सशी सहा सामने झाले आणि सहाही ब्रुअर्सनी जिंकले. शिकागोने टाकून दिल्यासारखा सोडलेला अँड्र्यू वॉन जुलैत ब्रुअर्सकडून पहिल्यांदा बॅटिंगला आला आणि डॉजर्सचा पिचर यामामोटो याला तीन धावांचा होमरन (षटकारासारखा फटका) मारला. यामामोटो पहिली इनिंगही संपवू शकला नाही. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत, म्हणजे वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या पायरीवर, तेच दोन संघ भेटले. दुसऱ्या सामन्यात यामामोटोच्या पहिल्याच चेंडूवर ब्रुअर्सच्या जॅक्सन चुरियोने होमरन मारला. स्टेडियम दणाणून गेलं. त्यानंतर त्याच यामामोटोने पूर्ण नऊ इनिंग टाकल्या आणि ब्रुअर्सना आणखी एकही धाव मिळाली नाही. त्या सामन्यात समोरून पिचिंग करत होता तो पेराल्टाच. त्याने वाईट टाकलं नाही, पण त्याच्या मागे एकच धाव होती.

चार सामने, दर सामन्यात एक, एकूण चार धावा. मालिका 4-0 ने गेली. पेराल्टा संघात असताना हे झालं. मिलवॉकी ऑक्टोबरमध्ये हरली ती बॅटिंगमुळे, मोठा फटका मारणारे कमी असल्यामुळे. माझी तक्रार असेल तर ती इथे आहे. पेराल्टाच्या बदल्यात आलेल्यांपैकी एक बॅटर आहे हे चांगलं, पण विल्यम्स काही होमरनचा माणूस नव्हे. ब्रुअर्सच्या कार्यालयासमोर निषेधाचा फलक धरायचा झालाच तर त्यावर पेराल्टाचं नाव नको, 'एक दमदार बॅटर आणा' एवढंच लिहा. मी शेजारी उभा राहीन.

आता डॉजर्स. टकरचा करार चार वर्षं, 24 कोटी डॉलर. त्यातली काही रक्कम पुढे ढकललेली आहे, तरी लक्झरी टॅक्सच्या (पगारखर्च ठरावीक रकमेपलीकडे गेला की संघावर बसणाऱ्या कराच्या) हिशेबात तो वर्षाला पावणेसहा कोटींच्या आसपास धरला जातो. डॉजर्स टॅक्सच्या सर्वांत वरच्या पायरीवर असल्याने त्या रकमेवर 110 टक्के कर लागतो. पगार आणि कर मिळून एकट्या टकरचा वर्षाचा खर्च 12 कोटी डॉलरच्या घरात जातो. ब्रुअर्सच्या अख्ख्या संघाचा गेल्या वर्षीचा पगार साधारण तेवढाच होता. तुम्हाला राग येतो तो याचाच, आणि तो यायलाच हवा. डॉजर्सचा स्थानिक टीव्हीचा करारच 25 वर्षांचा, 835 कोटी डॉलरचा आहे. मिलवॉकी तिथे कधीच पोहोचू शकत नाही.

तरीही 'सीझन आत्ताच संपला' हे मी मान्य करणार नाही. डॉजर्सनी 2025 मध्ये 93 सामने जिंकले, ब्रुअर्सपेक्षा चार कमी. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना टोरंटोविरुद्ध 11 इनिंगपर्यंत गेला आणि एका धावेने सुटला. मोठ्या पैशाने घेतलेला पिचर टॅनर स्कॉट वर्षभर हातातले सामने घालवत राहिला, म्हणून या हिवाळ्यात एडविन डियाझसाठी पुन्हा 6.9 कोटी मोजावे लागले. आणि मेट्सकडे बघा. बॅटर हुआन सोटोला 15 वर्षांसाठी 76.5 कोटी दिले. सोटोने 43 होमरन मारले, 38 बेस चोरले, म्हणजे त्याने आपलं काम चोख केलं. 12 जूनला संघ 45-24 (45 विजय, 24 पराभव) होता, सगळ्या मेजर लीगमध्ये पुढे. शेवटी 83-79, आणि अखेरच्या दिवशी मायामीत हरून प्लेऑफबाहेर. कारण पिचिंग कोसळलं. म्हणूनच त्यांना पेराल्टा हवा होता. आज मेट्सचा कारभार बघतात तेही डेव्हिड स्टर्न्सच, ज्यांनी दहा वर्षांपूर्वी त्याला सिअ‍ॅटलकडून आणलं होतं. या पोराची पारख त्यांच्याइतकी कुणाला असणार?

पर्सबद्दल. आयपीएलमध्ये समान पर्स चालते कारण टीव्हीचा मोठा पैसा आधी एकत्र गोळा होतो आणि मग वाटला जातो. मेजर लीगमध्ये संघ स्थानिक उत्पन्नाचा 48 टक्के भाग सामायिक खात्यात टाकतात, उरलेला ज्याचा त्याच्याकडे. नुसती वरची मर्यादा घातली आणि खालची घातली नाही, तर लहान संघांचे मालक वाचलेला पैसा खिशात टाकतील. खेळाडूंची संघटना पगारमर्यादेला इतका कडवा विरोध करते की 1994 मध्ये याच वादात संप होऊन वर्ल्ड सिरीज रद्द झाली. मालक आणि संघटनेतला सध्याचा करार 1 डिसेंबर 2026 ला संपतो, आणि मालकांना पुन्हा तीच मर्यादा हवी आहे. पुढच्या हिवाळ्यात टाळेबंदी होईल अशी मला खरी भीती वाटते. मला मर्यादेआधी टीव्हीच्या पैशाची वाटणी हवी. ती झाली तर मिलवॉकीला पेराल्टासारख्यांना ठेवता येईल.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, डेट्रॉईट टायगर्स आपला पिचर स्कूबलला ठेवतात मग मिलवॉकी का नाही? तारिक स्कूबलने सलग दोनदा साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार जिंकलाय आणि तोही या वर्षअखेर मोकळा होणार. या वर्षीच्या पगारासाठी लवादापुढे त्याने 3.2 कोटी मागितले होते, टायगर्स 1.9 कोटी म्हणत होते. स्कूबल गेला तर डेट्रॉईटकडे त्याच्या तोडीचा दुसरा नाही, म्हणून ते जोखीम घेतायत. मिलवॉकीकडे वुड्रफ आहे, जेकब मिसिओराउस्की आहे, गेल्या वर्षी 13 जिंकून 3 हरलेला क्विन प्रीस्टर आहे, चॅड पॅट्रिक आहे, आता स्प्रोट आहे. मिसिओराउस्कीचा चेंडू शंभर मैलांच्या पुढे जातो. त्याला फक्त स्ट्राइक टाकत राहायचंय, आणि पूर्ण सीझन टिकायचंय.

डिव्हिजनमध्ये खरी लढत शिकागो कब्सशी आहे. त्यांच्याकडून टकर गेला तरी बॅटर ब्रेगमन आला, मायामीकडून पिचर एडवर्ड काब्रेरा आला, त्यामुळे ते गेल्या वर्षीच्या 92 विजयांपेक्षा कमी पडतील असं वाटत नाही. मी ब्रुअर्सना 90 च्या आसपास धरतोय आणि शर्यत शेवटच्या आठवड्यापर्यंत जाईल असं म्हणतोय. वुड्रफचा खांदा मे महिन्यात दुखायला लागला तर हा अंदाज टिकणार नाही.

आणि एक गोष्ट जाहीर लिहून ठेवतो. ऑगस्टच्या सुरुवातीला ट्रेडची मुदत संपताना ब्रुअर्स स्पर्धेत असतील आणि त्यांनी या साठवलेल्या तरुणांपैकी एखादा देऊन खरा होमरन मारणारा बॅटर आणला नाही, तर पुढची पोस्ट तुमच्या बाजूने असेल. इतके तरुण गोळा करून ठेवायचे ते अशाच वेळी वापरण्यासाठी.