ग्रँट हवी, पण आपल्याच माणसांसाठी

गेल्या वर्षी जानेवारीत न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये, तिळगुळाची ऑर्डर कुणाला द्यायची यावर पाऊण तास खर्ची घातल्यावर, खजिनदार दादांनी टाउनशिपचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, विषय काढला. "टाउनशिप संस्थांना दरवर्षी पैसे देते म्हणे. प्रॉपर्टी टॅक्स आपण भरतोच की. आपल्या सिनियर मंडळींसाठी मागायला काय हरकत आहे?" हरकत कुणाचीच नव्हती. फॉर्म भरायला मात्र कुणी पुढे येईना. मी ऑफिसात अकाउंट्स बघते, म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं.

ग्रँट मिळाली. तेव्हापासून न्यू जर्सीतल्या इतर मंडळांचे मेसेज येतायत, "ताई, तुमचा फॉर्म पाठवा ना, नाव बदलून टाकतो." पाठवते. पण आधी हे वाचा. लांब आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, हे पैसे टाउनशिपचे नसतात. १९७४ साली प्रेसिडेंट फोर्ड यांच्या सहीने कायदा झाला, शहर सुधारणेच्या आधीच्या सुट्या सुट्या योजना एकत्र केल्या गेल्या आणि कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट सुरू झाली. सगळे सीडीबीजी म्हणतात. केंद्राचं हाउसिंग खातं, म्हणजे हड, साधारण ५० हजारांच्या वर वस्ती असलेल्या शहरांना आणि मोठ्या काउंट्यांना (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा) लोकसंख्या, गरिबी, जुनी घरं असा हिशेब लावून हे पैसे देतं. देशभरात मिळून वर्षाला तीन अब्ज डॉलरच्या थोडे वर. योजनाच गुंडाळून टाकायचा प्रस्ताव अधूनमधून येतो, २०२५ मध्येही आला होता. निदान ७० टक्के रक्कम कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडलीच पाहिजे, ही यातली मुख्य अट. शहराने आपला आराखडा लोकांपुढे मांडायचा, ३० दिवस हरकती-सूचना घ्यायच्या, जनसुनावणी ठेवायची. आमच्या सुनावणीला सात माणसं होती. त्यातले दोघे टाउनशिपचे कर्मचारी, तिघे आम्ही. अडीच हजारांची गणपतीची गर्दी जमवणारे आपण, इथे फिरकतसुद्धा नाही.

आम्ही काय मागितलं? बाथरूममधल्या धरायच्या दांड्या, जिन्याचे कठडे, दारापुढचे छोटे रॅम्प. इथल्या बाथटबची कड गुडघ्याएवढी उंच. जन्मभर बादली-तांब्याने आंघोळ केलेल्या माणसाला सत्तरीत ती ओलांडून आत जायचं म्हणजे सर्कस असते. आमच्यातल्या एक काकू तशाच पडल्या आणि कंबरेचं ऑपरेशन झालं. तेव्हा प्रकल्प खरा होता, गरज खरी होती. २२ हजार डॉलर मागितले, १५ मिळाले.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. ना-नफा संस्थेचं पत्र, टॅक्स रिटर्न, इन्शुरन्स, कार्यकारिणीची यादी. सॅम डॉट गव्ह या सरकारी साइटवरून संस्थेचा युनिक नंबर काढावा लागतो. त्यात आमचे पाच आठवडे गेले, कारण मंडळाचा पत्ता एका कागदावर २००९ च्या खजिनदारांच्या घरचा होता आणि दुसऱ्यावर २०१४ च्या. घोळ आमचाच. आणि लक्षात ठेवा, पैसे आधी हातात पडत नाहीत. आधी पदरचे खर्च करायचे, मग पावत्या, चेकची प्रत आणि कामाचे फोटो लावून परत मागायचे.

खरी गंमत पुढेच. घरदुरुस्तीच्या कामात उत्पन्न अख्ख्या घराचं धरतात. एका छताखाली राहणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांची कमाई एकत्र, आणि ती भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आत हवी. मी फॉर्म घेऊन एका मावशींकडे गेले.

"माझं उत्पन्न शून्य. लिही."

"मावशी, मुलाचा आणि सुनेचा पगार पण धरावा लागतो."

"त्यांच्या पगाराचा आणि माझ्या न्हाणीघराचा काय संबंध?"

प्रश्न वाजवी होता, पण मुलगा आणि सून दोघंही आयटीत. आमच्या यादीत ३१ ज्येष्ठ होते, नियमात बसले चार. हे कळल्यावर समितीतल्या अर्ध्या लोकांचा उत्साह तिथेच मावळला. "मग एवढा खटाटोप कुणासाठी?" असं एक जण सरळ म्हणाले. निदान मनातलं बोलले तरी.

त्याच आठवड्यात टाउनशिपच्या ऑफिसातून फोन आला. ग्रँटचं काम बघणाऱ्या बाई फार शांत बोलतात. "तुमचं पत्रक पाहिलं. कुठे लावणार?" मी म्हटलं, देवळात, इंडियन ग्रोसरीत, आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. "आणि जे या तिन्ही ठिकाणी येत नाहीत, त्यांना कसं कळणार?" पत्रक माझ्यासमोरच होतं. वर गणपतीचा फोटो, खाली मराठी आणि इंग्रजीत "आपल्या ज्येष्ठांसाठी". इतके दिवस मला त्यात काही खटकलं नव्हतं. ज्या जुन्या वस्तीत खरंच पात्र लोक राहतात, तिथे निम्म्या घरांत स्पॅनिश बोलतात आणि उरलेल्यांत बरेच कृष्णवर्णीय रिटायर्ड लोक. त्यांच्यापैकी कुणी गणपतीच्या फोटोखालचं "आपल्या" हे स्वतःबद्दल आहे असं समजणार होतं का?

समितीत मग व्हायची ती चर्चा झाली. "स्पॅनिशमध्ये दोन कागद छाप, लायब्ररीत लाव, फोटो काढ, फाइलला जोड. झालं." ही पद्धत आपल्याला नवी नाही. माझे वडील पंचायत समितीत क्लार्क होते. उपयोगिता प्रमाणपत्रं टाइप करताना कार्बन लावून तीन प्रती निघायच्या आणि रस्ता तिन्ही प्रतींवर पूर्ण व्हायचा. मला त्या कामाची नक्कल करायची नव्हती. पण माझं कोण ऐकणार, म्हणून मी त्यांना वेस्टचेस्टरची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते, कारण या सगळ्या प्रकरणात तीच सगळ्यांत महत्त्वाची.

वेस्टचेस्टर म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या वर लागून असलेली काउंटी. स्कार्सडेल, चॅपाक्वा वगैरे श्रीमंत गावं तिथलीच. २००० ते २००६ या काळात या काउंटीने हडकडून पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम घेतली, सीडीबीजी धरून. पैसे घेताना दर वेळी एक हमीपत्र द्यावं लागतं, की आम्ही भेदभाव तर करणार नाहीच, शिवाय घरांच्या बाबतीत सगळ्यांना समान संधी मिळावी म्हणून स्वतःहून पावलं उचलू. काउंटी दर वेळी सही करत गेली. घरं मिळण्यात अडथळे काय आहेत याचा अभ्यासही तिने कागदावर केला. पण त्यात उत्पन्न पाहिलं, वंश पाहिलाच नाही. कोणत्या गावात कोणाला घर मिळत नाही, हा प्रश्नच घेतला नाही.

न्यूयॉर्कच्या अँटी-डिस्क्रिमिनेशन सेंटर नावाच्या एका छोट्या संस्थेने २००६ मध्ये दावा ठोकला, आणि तोही कुठल्या कायद्याखाली? फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट. लिंकनच्या काळातला, १८६३ चा, सैन्याला निकृष्ट माल विकून सरकारला फसवणाऱ्या ठेकेदारांसाठी केलेला कायदा. खोटी हमी देऊन सरकारी पैसे उचलले, असा मुद्दा. फेब्रुवारी २००९ मध्ये जज डेनिस कोट यांनी निकाल दिला की काउंटीची हमीपत्रं खोटी होती. त्याच ऑगस्टमध्ये तडजोड झाली, सहा कोटी पंचवीस लाख डॉलरची. शिवाय सात वर्षांत ७५० परवडणारी घरं बांधायची, आणि त्यातली ६३० अशा गावांत, जिथे कृष्णवर्णीय ३ टक्क्यांहून आणि लॅटिनो ७ टक्क्यांहून कमी आहेत. नंतर वर्षानुवर्षं काउंटी आणि हड भांडत राहिले, हडने पुढचे पैसे अडवले, तो भाग वेगळा.

हे सांगून झाल्यावर मीटिंगमध्ये थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कुणीतरी विचारलं, "आपल्यावर पण केस होईल?" पंधरा हजारांच्या मंडळाला कोण विचारतंय! पण आमच्या करारातही तशाच अर्थाचं कलम होतं आणि त्याखाली सही माझी होती.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते. करारावर सही केली त्याच रात्री मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला. "वन बेडरूम बेसमेंट, स्टेशनपासून सात मिनिटं. फक्त व्हेज मराठी फॅमिली. लहान मुलं शक्यतो नको." टाकणारे आमच्या समितीतलेच. (त्या बेसमेंटला बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का, हा विषय आज काढत नाही.) बावीस जणांनी अंगठा दिला, तिघांनी पुढे पाठवला.

१९६८ चा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर आठवड्याच्या आत, ११ एप्रिलला, प्रेसिडेंट जॉन्सन यांच्या सहीने आला. वंश, वर्ण, धर्म, मूळ देश यांवरून घर नाकारता येणार नाही. १९७४ मध्ये त्यात स्त्री-पुरुष भेद आला, १९८८ मध्ये अपंगत्व आणि लहान मुलं असणं आलं. न्यू जर्सीचा स्वतःचा कायदा तर १९४५ चा आहे आणि आणखी कडक आहे. त्यात लग्न झालंय की नाही हेही येतं, आणि भाडं सरकारी व्हाउचरने भरणारा भाडेकरू असला तर तेवढ्यावरून त्याला नाही म्हणता येत नाही. केंद्राच्या कायद्यात मालक स्वतः राहतो अशा लहान इमारतींना, चार बिऱ्हाडांपर्यंत, सूट आहे. आपले लोक ही सूट पाठ करून असतात. पण जाहिरातीला ती सूट नाही. कुणाला घर द्यायचं ते तुम्ही एक वेळ मनात ठरवाल, "फक्त अमुक लोक" असं लिहून पसरवलंत की संपलं. लहान मुलं नकोत हे तर सरळसरळ यादीतलं. "मराठी" हा शब्दही त्याच वाटेवरचा. "व्हेज" यादीत नाही, मान्य. पण तो शब्द आपण कशासाठी वापरतो हे एकमेकांना सांगायची गरज आहे का?

स्वयंपाकघर एकच असेल, एका घरात राहायचं असेल तर गोष्ट निराळी. कॅलिफोर्नियाकडच्या एका केसमध्ये फेडरल अपील कोर्टाने २०१२ साली रूममेट निवडण्याची मोकळीक मान्य केली होती. मासे तळल्याचा वास सहन न होणारी माणसं माझ्याही घरात आहेत. मी बोलतेय ते वेगळ्या चुलीच्या, वेगळ्या दाराच्या बेसमेंटबद्दल.

आणि फार पुढे जाण्याआधी कबूल करते. २०१६ मध्ये आम्ही आमचा खालचा मजला भाड्याने दिला तेव्हा मीही "मराठी फॅमिली प्रेफर्ड" लिहिलं होतं. मीच, जी १९९८ साली पुण्यात खोली शोधत फिरत होते. एका वाड्यात वरची खोली पसंत पडली, भाडं ठरलं, मालकीणबाईंनी चहासुद्धा दिला. उठता उठता त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. "बरं, कळवते हं." आमच्या हॉस्टेलचा फोन नंबर त्यांनी लिहूनही घेतला होता. आठवडाभर मी त्या फोनच्या आसपास रेंगाळले. त्या बाई वाईट नव्हत्या, चहात आलं घातलं होतं. अठरा वर्षांनी इथे न्यू जर्सीत एडिसनच्या आसपासच्या कुणा मुलीला माझी जाहिरात वाचून काय वाटलं असेल, हे मला ग्रँटच्या करारातलं कलम वाचेपर्यंत सुचलं नाही. लाज वाटते, पण खरं आहे.

लोक म्हणतात, हे सगळं आता जुनं झालं, सरकारच मागे हटतंय. नियमावलीचं तसं झालंय खरं. घरांच्या समान संधीसाठी काय करायचं याचे शहरांसाठी सविस्तर नियम २०१५ मध्ये आले, २०२० मध्ये रद्द झाले, २०२१ मध्ये निम्मे परत आले, २०२५ मध्ये पुन्हा काढले. नियम येतील, जातील, १९६८ चा कायदा जागेवर आहे. आणि राज्याचा कायदा वॉशिंग्टनमध्ये कोण बसलंय ते बघत नाही.

पहिलं काम ज्यांच्या घरी झालं, ते गृहस्थ रिटायर्ड बस ड्रायव्हर, कृष्णवर्णीय, एकटे राहतात. १९७८ च्या आधीचं घर, म्हणून भिंतींच्या रंगात शिसं असू शकतं याबद्दलचा कागद आधी भरावा लागला. दांडी २५० पौंडाचा भार पेलेल अशी बसवायची, म्हणजे टाइल्सच्या मागची लाकडी पट्टी शोधून तिच्यातच स्क्रू गेला पाहिजे. खजिनदार दादा टाइल्सवर बोटाच्या गाठीने टकटक करत होते, नारळ निवडावा तसे. तिसऱ्या भोकाला पट्टी सापडली. काम झाल्यावर गृहस्थांनी दांडीला लोंबकळून बघितलं आणि हसले. मग म्हणाले, "बारा वर्षं दोन्ही बाजूंना इंडियन शेजारी आहेत. हात करतात. घराच्या आत आलेले तुम्हीच पहिले."

गाडीत दादा बराच वेळ गप्प होते. ती बेसमेंटची जाहिरात त्यांचीच होती, हे आता सांगायला त्यांची परवानगी आहे. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "मग लिहू तरी काय?"

"भाडं लिहा. खोल्या लिहा, पार्किंग लिहा, स्टेशन लिहा."

"आणि फोन आल्यावर?"

"फोन आल्यावर क्रेडिट स्कोअर विचारा. सगळ्यांना."

ते अजून पूर्ण पटलेले नाहीत. "माझं घर आहे शेवटी" हे त्यांचं पालुपद चालू आहे आणि आमचा वादही. जाहिरात मात्र बदलली.

सहा घरं झाली, पाच बाकी आहेत. एका पावतीवरची तारीख पुसट आली म्हणून ११४० डॉलर अडकलेत. फॉर्म हवा असेल त्यांनी मेसेज करा, पत्रकाची स्पॅनिश प्रतही पाठवते. गणपती काढलाय.