पंचवीस हजारांचा फोन, ‘इफेक्टिव्हली’ एकवीस

नवा फोन घ्यायचं ठरलंय ना? बजेट वीस ते पंचवीस हजार? मग आधी एक पथ्य पाळा: आपण दिवसभर फोनवर नेमकं काय करतो, हा विचार मनाला शिवू देऊ नका. व्हॉट्सॲप, यूपीआय, यूट्यूब, लोकलची वेळ बघायला एम-इंडिकेटर आणि घरच्यांचे फोन, एवढीच यादी निघाली तर खरेदीतली सगळी मजाच जाईल. त्यापेक्षा फोनचा वेग मोजून गुण देणाऱ्या अँटुटू ॲपचा स्कोअर काढा. साडेसात लाखवाला घ्यावा की आठ लाखवाला, यावर मित्राशी रात्री एकपर्यंत भांडा. दूधवाल्याचं बिल भरताना वरचे पन्नास हजार गुण कुठे कामाला येतात, असं विचारणारा माणूस आपला हितशत्रू.

कॅमेरा मात्र नीट पारखून घ्यायचा, म्हणजे त्याचा आकडा. २०० मेगापिक्सेल लिहिलंय? डोळे मिटून घ्या. आता हा सेन्सर सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून नेहमीचा फोटो १२.५ मेगापिक्सेलचाच काढतो, आणि ५० वाला बिचारा चार-चार एकत्र करून त्याच १२.५ च्या मुक्कामाला पोचतो. पण हे गणित चारचौघांत काढू नये. पूर्ण २०० चा फोटो हवा तर सेटिंग वेगळं, फाइल अवाढव्य, आणि एवढं करून मामेबहिणीच्या हळदीचा तो फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला की व्हॉट्सॲप त्याचा जीव काढून बारकासा करून पाठवतं. शेजारी २ मेगापिक्सेलची मॅक्रो लेन्सही असेल. ती पहिल्या दिवशी कुंडीतल्या जास्वंदीवर वापरायची असते. नंतर तिची आठवण काढायची नसते. मागून तीन कॅमेरे दिसले, काम झालं.

रॅमचं तसंच. बॉक्सवर ठळक १६ जीबी, खाली मुंगीच्या अक्षरात ८+८. दुसरे आठ स्टोरेजमधून काढलेले. वन बीएचकेच्या हॉलमध्ये पडदा लावून टू बीएचके म्हणावं, तसलाच प्रकार. पण पाहुणे जेवून जाईपर्यंत कोणाच्या लक्षात येतंय? पाण्याचंही ऐकून ठेवा. फोन पाण्यात टिकतो, हे बॉक्सवर छापलेलं असतं; पाणी गेल्यास वॉरंटी नाही, हे आतल्या घडीच्या कागदावर. हे दोन्ही एका बैठकीत वाचू नयेत.

आता किंमत. २४,९९९ ही किंमत नव्हे, ती फक्त बोलायला सुरुवात. अमुक बँकेच्या क्रेडिट कार्डावर दोन हजार सूट, जुन्या फोनवर आणखी दोन हजार, म्हणजे इफेक्टिव्हली एकवीस. ते कार्ड तुमच्याकडे अर्थातच नसतं. ते ऑफिसातल्या अशा माणसाकडे असतं, ज्याच्याशी तुमचं मार्चपासून बोलणं बंद आहे. हरकत नाही, चहा पाजा.

आणि नो-कॉस्ट ईएमआय सोडू नका! रिझर्व्ह बँकेनं शून्य टक्के व्याजाच्या योजनांवरून बँकांना २०१३ मध्येच हटकलं होतं. म्हणून आता बँक रीतसर व्याज लावते आणि विक्रेता तेवढीच सूट आधी देतो. हिशेब चोख. राहतो तो त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी. व्याज हजार निघालं तर १८० रुपये. वर प्रोसेसिंग फी, आणि त्या फीवर पुन्हा जीएसटी. स्टेटमेंटमध्ये या बारक्या ओळी दिसल्या की पान उलटावं. मोठ्या खरेदीत एवढं चालायचंच. हीच माणसं नंतर मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी अडून बसतात, तो विषय निराळा.

दुकानात गेलात तर अपडेट किती वर्षं मिळणार, सर्व्हिस सेंटर तालुक्याला आहे की जिल्ह्याला, डिस्प्ले फुटला तर नवा केवढ्याला, असले प्रश्न विचारू नका. काउंटरवरचा पोरगा गोंधळतो. त्याला रंग विचारा.

राहिला जुना फोन. ऑनलाइन दोन हजार दाखवतात, पण घरी न्यायला आलेला माणूस काचेवरचा चरा बघून नऊशे म्हणतो. एवढ्यात कोण देतंय? तो गावी बाबांना द्यायचा. बॅटरी दुपारपर्यंत टिकते, स्टोरेज भरलेलं, सिक्युरिटी अपडेट कधीच थांबलेत. पण शाळेतून रिटायर झालेल्या माणसाला फोन लागतो कशाला? फक्त भर उन्हात बांधावर उभं राहून ई-पीक पाहणीत कपाशीचा फोटो चढवायचा, तेही लोकेशन जुळलं आणि रेंज आली तर. नोव्हेंबरात जीवन प्रमाणच्या ॲपला चेहरा दाखवून आपण हयात आहोत हे पटवायचं, नाहीतर पेन्शन अडकते. गॅसच्या नंबरासाठी ओटीपी. आणि रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल. त्यात त्यांचा चेहरा मध्येच गोठला, तर तुमच्या नव्या फोनवरून त्यांना स्पष्ट आवाजात सांगायचं, “बाबा, रीस्टार्ट करून बघा.”