पोर्शनमध्ये नाही, मग करायचं कशाला?

रविवारी इथे इंग्लंडमध्ये माझा सकाळचा चहा होतो तेव्हा सांगलीत जेवणं उरकलेली असतात, आणि भाच्याचा फोन येतो. हल्ली विषय एकच, बारावी. मागच्या रविवारी मागून भाऊ ओरडत होता, "ताई, तू तरी सांग याला, सीईटीच्या पुढचं काही करायलाच नको म्हणतो, आयआयटीच्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डचं पुस्तक आणून दिलंय ते तसंच पडलंय." आणि पोरगं म्हणतं, "आत्या, जे येणारच नाही ते करून मार्क किती वाढणार ते सांग ना."

भांडण पेटलं होतं मॅथेमॅटिकल इंडक्शनवरून, म्हणजे एखादं सूत्र सगळ्या संख्यांना लागू पडतं हे सिद्ध करायची रीत. जेईई मेनच्या सिलॅबसमधून ते २०२४ च्या परीक्षेपासून गेलं. सीईटीत अकरावीचं वेटेज साधारण २० टक्के, तेही ठरावीक धड्यांचंच, म्हणून क्लासमध्ये सरांनी तो धडा सरळ ऑप्शनला टाकला. आता मी काय तोंडाने बोलू, माझ्या वेळी मी स्वतःच तो ऑप्शनला टाकला होता आणि इंजिनिअरिंगला रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारा प्रोग्राम, शिकताना डोकं आपटत बसले होते.

भावाची समजूत अशी की "तुमच्याकडे" मुलं मार्कांसाठी नाही, आवडीने शिकतात. अरे कुठलं काय! माझी लेक लीड्समध्ये ए लेव्हल, म्हणजे इथली बारावी, करते आणि तिचा पहिला प्रश्न असतो, हे स्पेकमध्ये आहे का? स्पेक म्हणजे स्पेसिफिकेशन, परीक्षा बोर्डाचा सिलॅबसच. तिच्या बोर्डाचे गणिताचे ३ पेपर, प्रत्येकी २ तास आणि १०० मार्क, जुने पेपर मार्क स्कीमसकट फुकट मिळतात, त्यामुळे उत्तर चुकलं तरी पद्धतीचे मार्क कुठल्या ओळीला मिळतात हे या पोरांना पाठ असतं. आणि गंमत म्हणजे इंडक्शन साध्या ए लेव्हल गणितात नाहीच, ते फर्दर मॅथ्स नावाच्या वेगळ्या, वरच्या विषयात, म्हणजे तिनेही ते केलेलं नाही. त्याआधीच्या ग्रामर स्कूलच्या, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळांच्या, परीक्षांची तर बातच सोडा, त्यात आकृत्यांची जी रिझनिंग येते ती प्राथमिक शाळेत कोणी शिकवतच नाही, ज्याला परवडतं तो ट्यूटर लावतो. आपल्या स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीसारखंच, फक्त पाऊंडात.

एक गोष्ट मात्र मला इथे पटली. केंब्रिजला गणित करायचं असेल तर स्टेप नावाची वेगळी परीक्षा असते, ३ तासांत १२ प्रश्न आणि त्यातले तुमचे सगळ्यात चांगले ६ धरतात. मला वाटलं होतं डिग्रीचे धडे येत असतील, पण नाही, पाया ए लेव्हल आणि फर्दर मॅथ्सचाच, फक्त प्रश्न लांबलचक आणि बोटाला धरून कोणी नेत नाही, वाट तुम्हीच शोधायची. भावाला मी हेच सांगितलं, की जास्तीचं म्हणजे जास्तीचे धडे असं कोणी सांगितलं तुला? पोराला लिमिट्सचं गणित जरा फिरवून दिलं की अडतो, ते आधी बघ. दोन मॉक पेपर वेळेत पूर्ण होईनात आणि वर अ‍ॅडव्हान्स्डचं जाडजूड पुस्तक, हे म्हणजे घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा.

पण इथे बसून असं बोलणं सोपं आहे हेही कळतं मला. माझ्या लेकीचे ग्रेड घसरले तर तिच्याकडे दुसरी युनिव्हर्सिटी इन्शुरन्स म्हणून ठेवलेली आहे, तीही गेली तर क्लिअरिंग, म्हणजे उरलेल्या जागांची फेरी. तिकडे पर्सेंटाइल जरासा घसरला की हव्या त्या कॉलेजातली ब्रँच जाते आणि फीचं गणितच बदलतं. त्यामुळे "येणार नाही ते करणार नाही" म्हणणाऱ्या पोराला मी आळशी म्हणणार नाही, तो हिशोबी आहे. त्याच्या जागी मी असते तर मार्चपर्यंत मीही असल्या धड्यांना हात लावला नसता. राग येतो तो इंटिग्रेटेडच्या, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र, या नावाखाली अकरावीचं अर्धं पुस्तक गिळून टाकणाऱ्यांचा, कारण काय सोडायचं ते तिथे पोराला विचारतच नाहीत.

शेवटी फोनवरच त्याला म्हटलं, एक घे, १, मग १ अधिक ३, मग १ अधिक ३ अधिक ५. तो म्हणाला १, ४, ९, वर्ग येतायत. म्हटलं, कायम येतील कशावरून? तू हजारापर्यंत मोजत बसणार का? समज पहिल्या के विषम संख्यांची बेरीज के चा वर्ग आली, आता पुढची संख्या मिळव, ती २के अधिक १. दोन मिनिटं शांत. मग पेनाचा आवाज, मग, "अगं हा के अधिक १ चा वर्ग झाला की! म्हणजे एकदा ढकललं की पुढचं आपोआप पडत जातं?"

हो म्हटलं, झालं तुझं इंडक्शन.

"एवढंच? आत्या, बाबांना सांगू नको हां, नाहीतर आख्खा धडा करायला लावतील."