डाग फिल्मवरचा की जॉबमधला? (निपाणीच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली, लगेच उत्तर लिहायला बसले पण ते पुसून टाकलं, त्यात राग जास्त होता. आता आठवडा गेलाय, नीट लिहिते.

बाकीच्यांसाठी आधी सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी पीएचडीच्या दिवसांतलं लिहिलं होतं, की एका न्यूट्रॉन ताऱ्याच्या (स्फोटानंतर उरलेला, अतिशय घट्ट दाबलेला तारा) एक्स-रे स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे एक्स-रे किती आले त्या आलेखात, मला एक खाच दिसली, आठ महिने मी तिच्या मागे होते, आणि शेवटी कळलं की ती ताऱ्याची नव्हतीच, आमच्या डिटेक्टरमधल्या (एक्स-रे मोजणारं यंत्र) झेनॉन वायूची होती. त्यावर सरांचं म्हणणं असं, की एक्स-रे आरपार जातात, मग त्यांची "दुर्बीण" कुठून आली, ही वाचकांची फसवणूक आहे. दुसरं, सरकारी स्कॉलरशिप घेऊन आठ महिने स्वतःचीच चूक शोधत बसणं ही काय कौतुकानं सांगायची गोष्ट आहे का, खानापूरच्या भात लावणाऱ्याला त्याचा उपयोग काय. आणि तिसरं, मराठी शाळेत शिकलेली मुलगी बेंगळुरूला जाऊन बसली, इथं येऊन शिकवलं असतं तर चार पोरं तयार झाली असती.

दुर्बिणीचं आधी. सर, तुम्ही अर्धे बरोबर आहात आणि त्या अर्ध्यासाठी मी पोस्ट दुरुस्त केलीय. मी ज्या डिटेक्टरचा डेटा वापरला त्याला आरसा नाहीच, वायू भरलेली धातूची पेटी म्हणा, तिच्या तोंडावर बारीक चौकोनांची जाळी, त्या जाळीतून आकाशाचा साधारण एक अंशाचा तुकडा तेवढा आत "दिसतो", आणि आत आलेला एकेक एक्स-रे झेनॉनच्या अणूवर आदळला की विजेची छोटीशी पल्स निघते, ती मोजायची. त्याला दुर्बीण म्हणणं सैल झालं, मान्य. पण एक्स-रेची खरीखुरी दुर्बीण असते. सरळ समोरून आलेला एक्स-रे आरशात घुसतो हे खरं, पण अगदी तिरका, पृष्ठभागाला जवळजवळ घासून आला तर परत फिरतो. पावसाळ्यात रात्री खानापूर रोडनं येताना तुम्ही बघितलं असेल, पायाखालचं डांबर काळंच दिसतं पण लांबचा ओला रस्ता समोरच्या गाडीच्या लाईटनं आरशासारखा चमकतो, ते तिरकेपणामुळं. एक्स-रेच्या बाबतीत कारण वेगळं आहे, पण तिरकेपणाची गरज तशीच, आणि कोन अंशाभराचाच ठेवावा लागतो. म्हणून हे आरसे ताटासारखे नसतात, नळकांड्यासारखे असतात, एकात एक बसवलेले. नासाच्या चंद्रा दुर्बिणीत (१९९९ मध्ये सोडली, आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांच्या नावावरून नाव) अशा चार जोड्या आहेत, सगळ्यात बाहेरच्या आरशाचा व्यास सव्वा मीटरच्या जवळ. आपल्या ॲस्ट्रोसॅट या उपग्रहावरही सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यांची अशी एक दुर्बीण आहे. तेव्हा फसवणूक नव्हे सर, माझ्या लिहिण्यातली ढिलाई.

आता आठ महिन्यांचं. इथं मात्र मी तुमच्याशी सहमत नाही, आणि का ते सांगायला मला बाबांपासून सुरुवात करावी लागेल.

माझे बाबा बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला होते. पंपाची केसिंग, व्हॉल्व्हची बॉडी असले जॉब, म्हणजे ओतून बनवलेले भाग. काही पार्ट्यांना कास्टिंगची एक्स-रे फिल्म लागायची, बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या जॉबच्या पोटात ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, आहे का ते बघायला. त्या फिल्म बाबा कधीकधी घरी आणायचे, घरी एक जुना व्ह्यूअर होता, मागं पांढरा लाईट असलेली पेटी, लाईट बंद करून आम्ही दोघं त्याच्यापुढं बसायचो. आई म्हणायची पोरीचे डोळे बिघडवशील. मी सातवीत असेन, एका फिल्मवर मला नखाएवढी काळी चंद्रकोर दिसली, मी ओरडलेच, बाबा ब्लोहोल! बाबांनी फिल्म काढली, तिरकी धरली, परत लावली, आणि म्हणाले, "थांब गं. डाग फिल्मवरचा की जॉबमधला, ते आधी बघ की." मग त्यांनी पाकिटातनं दुसरी फिल्म काढली. एकाच कव्हरात दोन फिल्म घालून एकच शॉट घ्यायची पद्धत असते, जॉबमधला दोष असेल तर दोन्हीवर त्याच जागी येणार, एकीवरच असेल तर तो फिल्मचा. दुसरीवर काहीच नव्हतं. ती चंद्रकोर म्हणजे शॉट झाल्यावर फिल्म काढताना कुणाच्या तरी बोटानं जराशी मुडपली होती त्याची खूण. मी घाईनं बोलले तसं बाबांनी रिपोर्टात लिहिलं असतं तर चांगला जॉब भंगारात गेला असता, आणि उलटं झालं असतं तर खराब जॉब कुठल्यातरी पंपात बसला असता.

माझ्या आठ महिन्यांत दुसरं काहीही नव्हतं सर.

न्यूट्रॉन ताऱ्याच्या स्पेक्ट्रममध्ये अशी खाच सापडणं म्हणजे किती मोठं ते सांगते, म्हणजे मी का हुरळले ते कळेल. ताऱ्याच्या चुंबकीय ध्रुवाजवळ इलेक्ट्रॉन ठराविक ऊर्जेचे एक्स-रे गिळतात, आणि ती ऊर्जा किती यावरून तिथलं चुंबकीय क्षेत्र थेट मोजता येतं, हजारो प्रकाशवर्षांवरून. हर्क्युलिस एक्स-१ या ताऱ्यासाठी योआखिम ट्रुम्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ च्या बलून उड्डाणातल्या डेटात अशी रेषा पहिल्यांदा पकडली. माझी खाच ३४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (एक्स-रेची ऊर्जा मोजायचं एकक) आसपास होती, म्हणजे क्षेत्र पृथ्वीच्या काही लाख कोटी पट. कुणी न मोजलेला आकडा आपल्या लॅपटॉपवर रात्री दोन वाजता दिसतोय म्हटल्यावर काय होतं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. मी बाबांना फोन केला होता त्या रात्री. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, दुसरी फिल्म आहे का?

मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. ही माझी चूक, आणि तुम्ही स्कॉलरशिपचा हिशोब मागता तो इथं मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. झेनॉनच्या अणूचा स्वतःचा एक उंबरठा ३४.५ च्या जवळ आहे, त्या ऊर्जेच्या वर गेलं की तो एक्स-रे एकदम जास्त शोषतो, हे मला पाठ होतं. डिटेक्टरचं मॉडेल हा बदल हिशोबात धरतं म्हणून मी निर्धास्त होते. मी पुढचे महिने खाच किती खोल, किती रुंद, ताऱ्याच्या फिरण्याबरोबर बदलते का, हेच करत बसले, पेपरचा अर्धा मसुदाही झाला. गाईडनी वाचून एकच विचारलं, क्रॅबमध्ये काय दिसतं? क्रॅब म्हणजे १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचा उरलेला ढग, त्याचा स्पेक्ट्रम या पट्ट्यात इतका सरळ आणि ओळखीचा आहे की जगभरातले एक्स-रेवाले त्यावर आपलं यंत्र तपासतात. म्हणजे चांगला आहे हे आधीच माहीत असलेला जॉब. मी क्रॅब पूर्वी केला होता, तिथं ३४ पाशी बारीकशी घडी दिसली होती, ती किरकोळ म्हणून सोडून दिली होती. क्रॅब प्रखर, त्यात ती घडी लपते. माझा तारा मंद, त्यात यंत्राचा स्वतःचा बॅकग्राउंड (तारा समोर नसतानाही होणारी मोजणी) जास्त, तिथं तीच घडी खाच होऊन बसली. मग नूस्टारचा डेटा काढला, २०१२ पासून फिरणारा नासाचा उपग्रह, त्याच्या डिटेक्टरमध्ये झेनॉन नाहीच. तोच तारा. ३४ पाशी रेघ सपाट. दुसऱ्या फिल्मवर काहीच नव्हतं.

सर, मी तो पेपर तसाच छापला असता तर पुढं कुणीतरी तो आकडा खरा धरून त्यावर आपली थिअरी उभी केली असती, कुणी त्यासाठी दुसऱ्या उपग्रहाचा वेळ मागितला असता, तोही कुणाच्या तरी कराच्या पैशातूनच. मला लाज त्या उशिराची वाटते, सहा महिने लवकर कळायला हवं होतं. पण शोधून काढून खोडलं याची लाज नाही वाटत, आणि ते मी अभिमानानंच सांगितलं होतं, परत सांगते. आमच्याकडं आता नवीन आलेला प्रत्येक विद्यार्थी आधी क्रॅब करतो, मगच स्वतःचा तारा.

आणि हे क्षेत्र असंच उभं राहिलंय. १९६१ च्या ऑक्टोबरात खगोलशास्त्रज्ञ रिकार्डो जियाकोनींच्या ग्रुपचं रॉकेट वर गेलं तर डिटेक्टरसमोरची दारंच उघडली नाहीत. १९६२ च्या जूनमध्ये परत गेले, चंद्रावरून येणारे एक्स-रे बघायला, वातावरणाच्या वर जेमतेम सहा मिनिटं मिळाली, आणि भलतीकडूनच, वृश्चिक राशीकडून, मोठा सिग्नल आला. पेपर आला डिसेंबरमध्ये. हा सिग्नल कशाकशाचा नाही, हे तपासण्यातच मधला बराच काळ गेला. त्यातूनच पुढं जियाकोनींना २००२ चं नोबेल मिळालं. आपल्याकडचं बघा, १९७५ चा आर्यभट्ट, त्यावर एक्स-रेचा प्रयोग होता, चार-पाच दिवसांत वीजपुरवठा बिघडला आणि प्रयोग बंद. त्या उपग्रहाचं काम ज्यांनी पुढाकार घेऊन केलं ते यू. आर. राव उडुपी जिल्ह्यातल्या अदमारूचे, स्वतः कॉस्मिक एक्स-रेवर काम केलेले. नंतर हैदराबादहून बलून सोडून, ४० किलोमीटरपर्यंत वर नेऊन, मिळतील तेवढ्या तासांचा डेटा गोळा करत लोकांनी वर्षं काढली. ॲस्ट्रोसॅट गेला २८ सप्टेंबर २०१५ ला. आर्यभट्टपासून चाळीस वर्षं! पाच वर्षांसाठी बनवलेला, त्याच्या पुढंही चालत राहिला. त्या चाळीस वर्षांत कुणी कुणी "उपयोग काय" हे ऐकलं असेल, मला त्यांच्याविषयी फार वाटतं.

खानापूरच्या शेतकऱ्याला उपयोग काय, याला मी गोल गोल उत्तर देणार नाही. न्यूट्रॉन ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्रानं त्याच्या भाताला भाव मिळणार नाही. माझे मामा जांबोटीकडं भातच करतात, त्यांना मी असलं काही सांगितलेलं नाही. पण आभाळात ते काय आहे हे त्यांनी मला विचारलंय, रोपलावणीच्या दिवसांत रात्री सोप्यात बसून, माझ्यापेक्षा चांगले प्रश्न विचारलेत. प्रश्न पडायला त्यांना कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

शिकवण्याचं लागलं सर, खोटं नाही सांगत. मी मराठी माध्यमात शिकले, कॉलेजात गेल्यावर पहिलं वर्ष नुसतं इंग्रजी शब्द समजण्यात गेलं, बेंगळुरूला कन्नड बोलता येतं म्हणून माझं निभावलं. आपल्या भागातल्या मुलांना हे दोन-दोन उंबरठे ओलांडावे लागतात ते मला माहीत आहे. म्हणूनच हे सगळं मराठीत लिहिते, लिहिताना कन्नडमधल्या मैत्रिणीलाही दाखवते, ती तिच्या भाषेत लिहिते. नोकरी सोडून परत येणार नाही. पण ॲस्ट्रोसॅटचा बराचसा डेटा ठराविक मुदतीनंतर सगळ्यांसाठी खुला होतो, नेट आणि साधा लॅपटॉप असला की निपाणीतूनही उघडता येतो, आणि तो उघडून बघायला शिकवणं मला जमण्यासारखं आहे.

मेच्या सुट्टीत मी टिळकवाडीला पंधरा दिवस आहे. तुमची आठवी-नववीची जी पोरं येतील त्यांना घेऊन या, दिवसा लॅपटॉपवर क्रॅबचा स्पेक्ट्रम काढू, तो आधी, कुठलाही तारा नंतर. रात्री ढग नसतील तर राजहंसगडावर जाऊ. दहा-अकराच्या सुमाराला आग्नेयेकडं वृश्चिक वर आलेला असेल, अनुराधाच्या शेजारी मी बोट दाखवीन, १९६२ चा तो सिग्नल तिथून आला होता. नुसत्या डोळ्यांना तिथं काही दिसणार नाही, हे पोरांना आधीच सांगून ठेवा. बाबाही येतो म्हणालेत, व्ह्यूअर घेऊन, आणि ती चंद्रकोरीची फिल्म त्यांनी अजून ठेवलीय.